पितळी तोटी

मिस्त्रीला कुणी भित्रा म्हटलं असतं तर अख्खी गल्ली पोट धरून हसली असती. ज्या माणसानं पस्तीस वर्षं एका जॅकच्या भरवशावर गाडीखाली पाठ टेकली, चालू इंजिनाच्या पंख्याशेजारी हात घालून पट्टा ताणून बघितला, तो कसला भिणार? उलट गिऱ्हाईकंच त्याला भिऊन असायची. टायरात हवा कमी दिसली की तोंडावर ऐकवायचा, "तुम्हाला गाडी झेपत नाही, सायकल घ्या." तरी माणसं त्याच्याकडेच यायची. मिस्त्रीनं आवळलेला बोल्ट पुन्हा ढिला झाला, असं कुणी ऐकलेलं नव्हतं.

पण खरं सांगायचं तर गेले आठ महिने हा माणूस भीतीनं अर्धा झाला होता.

झालं होतं असं, की त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत चालली होती. सुरुवातीला सकाळी उठल्यावर मुंग्या यायच्या. हातावर झोपलो असेन, म्हणून त्यानं सोडून दिलं. मग मुंग्या दिवसभर राहायला लागल्या, आणि मग मुंग्याही गेल्या आणि काहीच उरलं नाही. शर्टाची बटणं तो डाव्या हातानं लावायला लागला. चहाचा कप दोनदा हातातून सुटला. बायको म्हणाली, "अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?" तर यानं कपाच्या कानाला दोष दिला. कामावर ट्रेमधून वायसर उचलायचा, गाडीखाली नेऊन बोल्टवर चढवायला जायचा, आणि बघतो तर चिमटीत वायसरच नाही. तो केव्हाच जमिनीवर पडलेला.

सगळ्यात वाईट म्हणजे पान्याचं गणित चुकायला लागलं. चेंबरचा बोल्ट, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचा तेल सोडायचा बोल्ट, किती आवळायचा हे मिस्त्रीनं कधी डोक्यानं ठरवलं नव्हतं. हातच सांगायचा, बास. आता हात काही सांगेना. एका गाडीचा बोल्ट त्यानं इतका आवळला, की चेंबरचे आटेच गेले. त्यानं गुपचूप नवं चेंबर आणून बसवलं आणि मालकाला सांगितलं, जुनं गंजलं होतं. आयुष्यात गिऱ्हाइकाशी बोललेलं ते त्याचं पहिलं खोटं.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरकडे का गेला नाही? अहो, तिथंच तर घोडं पेंड खात होतं. डॉक्टरनं काम बंद करा म्हटलं तर? हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? त्याच्या उस्तादाचा हात असाच गेला होता. त्या काळी अर्ध्या गावाच्या गाड्या त्या हाताखालून जायच्या. शेवटची सहा वर्षं उस्ताद गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून असायचा. लोक यायचे, वाकून नमस्कार करायचे, तब्येतीची चौकशी करायचे आणि गाडी आत दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचे. मिस्त्रीला मरणाची भीती नव्हती, पण त्या स्टुलाची होती.

अशा वेळी त्याला ती तोटी आठवली.

स्पेअर पार्टवाल्यानं ती त्याला दोन वर्षांपूर्वीच दाखवली होती. चेंबरच्या बोल्टच्या जागी कायमची बसवायची पितळी तोटी. बाजूला बोटभर लांबीची दांडी. दांडी ओढून फिरवली की तेल खाली, उलटी फिरवून सोडली की बंद. पाना नको, वायसर नको, कितपत आवळू हा प्रश्न नको. तेव्हा मिस्त्रीनं ती काउंटरवर परत सरकवली होती. "खेळणी विकायला कधीपासून लागलास?" असंही म्हणाला होता. आता मात्र तो गुपचूप गेला आणि चार घेऊन आला, मग दहा, मग आणखी दहा.

ती एकदाच बसवताना तो डोळ्यांत तेल घालून बसवायचा. दुसऱ्याकडून आणलेला मोजमापाचा पाना लावायचा, जो ठरलेल्या जोरावर आपोआप आवाज करतो. त्यानंतर पुढच्या प्रत्येक वेळी नुसतं बोटाचं काम. गिऱ्हाइकांना सांगायचा, "आटे झिजत नाहीत, गरम तेल अंगावर येत नाही, पाच मिनिटांत काम." यात खोटं काही नव्हतं. फक्त खरं कारण त्यात नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

या तोटीत एकच गोष्ट जपायची असते. बंद केल्यावर दांडी सोडली की आतली स्प्रिंग तिला एका खाचेत ढकलते. खाचेत बसली की ती जगबुडी झाली तरी हलत नाही. खाचेच्या काठावर राहिली, तर तोटी बंदच दिसते, तेलही गळत नाही; पण खड्डे, हादरे लागले की दांडी हळूहळू सरकते. बसली की नाही हे कळायला बोटाला एक बारीक टक् लागतो. गॅरेजच्या गोंगाटात तो कानाला ऐकू येत नाही, बोटालाच कळतो.

आणि मिस्त्रीचं बोट तर बहिरं झालेलं.

त्या दिवशी सकाळी ड्रायव्हिंग क्लासच्या मॅडम गाडी घेऊन आल्या. ताठ बाई, आवाज असा की शिकाऊ माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जावा. त्यांच्या गाडीला मिस्त्रीनं मागच्या खेपेला तोटी बसवली होती. चेंबर पुढच्या कडेला होतं, त्यामुळं गाडी उचलायचीसुद्धा गरज नाही. बंपरखालून हात घातला की दांडी सापडते. मॅडमना दहाची शिकवणी होती. त्या घड्याळ बघत उभ्या राहिल्या. मिस्त्रीनं तेल सोडलं, दांडी बंद केली, नवं तेल भरलं, पट्टी ओढून पातळी दाखवली. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. मॅडम खूश झाल्या. जाताना म्हणाल्या, "आज तीनला तुमची सून आहे माझ्याकडे. पाण्याच्या टाकीच्या चढावर नेणार आहे तिला."

सून एकदा लायसनच्या परीक्षेत नापास झाली होती. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलताना ती मागे घरंगळली आणि साहेबानं तिथंच कागदावर फुली मारली. पुढच्या महिन्यापासून तिला वीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून रुजू व्हायचं होतं. तिथं वेळेवर जाणारी बस नव्हती. मुलगा परगावी नोकरीला, पंधरा दिवसांनी घरी यायचा. म्हणून पोरगी भीत भीत स्टिअरिंग धरत होती. घरी येऊन जेवताना म्हणायची, "बाबा, मला वाटतं गाडी मला ओळखते आणि मुद्दाम बंद पडते." मिस्त्री हसायचा. त्याला ती फार आवडायची, पण हे तिला सांगायची त्याची पद्धत नव्हती.

तीनच्या सुमाराला एका रंगाऱ्याची जुनी गाडी आली होती. तिलाही तोटी. मिस्त्रीनं बाहेरून हात घालून दांडी बंद केली. बसली, असं मनानं सांगितलं. तेल भरून झाल्यावर रंगारी म्हणाला, "मिस्त्री, सायलेन्सर पण खडखडतोय, आलोच आहे तर बघा की." म्हणून तो चाकांच्या फळीवर आडवा होऊन खाली सरकला. हातातली बॅटरी लावली. सहज नजर तोटीकडे गेली.

दांडी खाचेच्या काठावर होती. तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर.

मिस्त्रीनं बॅटरी आणखी जवळ नेली. आत्ता दहा मिनिटांपूर्वी ती बसली असं त्याला वाटलं होतं, अगदी शंभर टक्के वाटलं होतं. आणि सकाळी मॅडमच्या गाडीलाही अगदी तसंच वाटलं होतं. सकाळी तो गाडीखाली गेला नव्हता. नजर टाकली नव्हती. नुसत्या बोटावर भरवसा ठेवला होता, आणि ते बोट तर असं.

गाडीखालीच पडून त्यानं हिशेब केला. दांडी सरकली तर आधी थेंब, मग धार. मग डॅशबोर्डवरचा लाल दिवा. शिकाऊ माणसाचं लक्ष दिव्याकडे कशाला जाईल? आणि मॅडमचं सगळं लक्ष रस्त्याकडे आणि शिकाऊच्या पायांकडे. तेल संपलं की इंजिन जाम. टाकीच्या उतारावर इंजिन जाम झालं तर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग वळत नाही. त्या उताराला खडीचे ट्रक येतात.

त्यानं सुनेला फोन लावला. वाजत राहिला. मॅडमना लावला. तोही वाजत राहिला. मॅडमचा नियमच होता, शिकवणीत सगळ्यांचे फोन आवाज बंद करून पुढच्या कप्प्यात. एरवी मिस्त्री या नियमाचं कौतुक करायचा. सात वेळा लावला. मग रंगाऱ्याची दांडी डोळ्यांनी बघून, पक्कडीनं ओढून बसवली, तेलाचा एक कॅन स्कूटरला अडकवला आणि रंगाऱ्याला म्हणाला, "दुकान बघ."

"मी?" रंगारी म्हणाला. पण मिस्त्री निघालाही होता.

स्कूटरची वेगाची मूठ उजव्याच हाताला असते. आपण किती पिळतोय हे त्याला कळत नव्हतं, फक्त काटा बघून कळत होतं. एकदा गाडी उसळली आणि पुढच्या रिक्षाला घासता घासता वाचली. रिक्षावाल्यानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मिस्त्रीला ते ऐकूच आलं नाही. त्याची नजर रस्त्यावर होती. रस्त्यावर काळे थेंब होते. आता रस्त्यावर तेलाचे थेंब कुणाचेही असतात, पस्तीस वर्षं हेच बघितलेल्या माणसाला ते सांगायला नको. पण आज प्रत्येक थेंब त्याला आपलाच वाटत होता. गतिरोधकाच्या पलीकडे एक ओला डाग दिसला, पोळीएवढा. पुढच्या वळणावर आणखी एक. आपण काय केलं, काय केलं हे, असं तो तोंडानं पुटपुटत होता, आणि हेल्मेटमध्ये त्याचाच आवाज त्याला परका वाटत होता.

गाडी टाकीच्या चढावर अर्ध्यात उभी होती, लाल अक्षरांची पाटी लावलेली. जिवंत होती. इंजिन चालू होतं. मिस्त्रीनं स्कूटर आडवी घातली तेव्हा ती त्याच्या अंगावर पडायची राहिली.

"इंजिन बंद कर," तो म्हणाला. "बंद कर गं आधी."

सुनेनं चावी फिरवली. मॅडमनी हँडब्रेक ओढला. "मिस्त्री? काय झालं?"

काही न सांगता तो दोन दगड चाकांमागे लावून खाली आडवा झाला. तोटीतून बारीक धार लागली होती, दोऱ्याएवढी. खालची खडी काळी झाली होती. दांडी खाचेतून साफ निसटून थोडी फिरली होती. आणखी दोन-तीन हादऱ्यांत ती पूर्ण उघडली असती. त्यानं हात घातला. मध्ये आडवा रॉड होता, डावा हात तिथं पोहोचेना, उजवाच घालावा लागला. दांडी सापडली की नाही हे त्याला कळेना. तो चाचपडत राहिला.

तेवढ्यात त्याला वास आला. चामडं करपल्यासारखा. हा कसला वास, म्हणून त्यानं मान वाकडी करून बघितलं, तर त्याची दोन बोटं सायलेन्सरच्या तापलेल्या नळीला टेकलेली होती. कातडी पांढरी पडून सोलली होती. त्याला काहीही कळलं नव्हतं.

मिस्त्रीनं हात छातीवर घेतला आणि तसाच पडून राहिला. त्याला रडू यायच्या बेतात होतं. वर दोन बायका बोलत होत्या. त्याला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

"मघाशी गतिरोधकावर गाडी आपटलीस, त्याचंच हे," मॅडम म्हणत होत्या. "ब्रेक ब्रेक म्हणून मी ओरडले होते की नाही?"

"हो मॅडम."

"खालचं सगळं गेलं असतं आत्ता. तुला अजून गतिरोधक कळत नाही, आणि परीक्षेला बसायचंय."

"चुकलंच माझं," सून म्हणाली. "मॅडम, मला नाही वाटत हे मला जमेल. मी दवाखान्यात तसं कळवून टाकते."

आता ऐका. मिस्त्रीला फक्त गप्प बसायचं होतं. कुणी त्याच्यावर संशय घेतला नव्हता. गतिरोधक होता, आपटणं होतं, कबूल करणारी पोरगीही होती. बाहेर येऊन 'हो, आपटल्यामुळंच' एवढं म्हणालं की झालं. गॅरेज राहिलं असतं, नाव राहिलं असतं, स्टूल लांब राहिलं असतं. सुनेनं घरी येऊन खाली मान घालून जेवण केलं असतं, चार दिवसांत विषय मिटला असता. असले विचार माझ्या मनात आलेच नाहीत, असं सांगणारा माणूस मला भेटवा, मी त्याच्या पाया पडेन. मिस्त्रीच्या मनात ते आले, आणि चांगली दोन मिनिटं राहिले. धार चालूच होती.

मग तो बाहेर सरकला. "अगं, तू जा खाली," तो सुनेला म्हणाला. "तिथं एक पितळी दांडी आहे. बाहेर ओढ, तुझ्याकडे फिरव आणि सोड. नळीला हात लावू नकोस, गरम आहे."

"ती कशाला?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आहात ना."

मान अवघडलीय, चष्मा विसरलो, अशी दोन उत्तरं त्याच्या जिभेवर तयार होती. त्यानं मॅडमकडे बघितलं नाही.

"मला नाही जमत," तो म्हणाला.

सून ओढणी खोचून खाली गेली. एवढीशी पोरगी, सहज आत सरकली. "बसली बाबा," ती आतून म्हणाली. "टक् झालं. बोटाला लागतं की चांगलं."

"धार?"

"थांबली."

ती बाहेर आली, कपाळावर तेलाचा पट्टा घेऊन, आणि तिची नजर त्याच्या हाताकडे गेली. परिचारिका ती. तिनं त्याचं मनगट धरलं, भाजलेली बोटं उजेडात फिरवली, मग नखानं टोकाला दाबलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघत आणखी जोरात दाबलं.

"हे कधीपासून आहे?"

"गतिरोधकाचं काही नाही," मिस्त्री मॅडमना म्हणाला. शब्द एकामागून एक पडायला लागले. "हिची चूक नाही. सकाळी दांडी मीच नीट बसवली नव्हती. बसवली असं मला वाटलं. मला बोटांना कळत नाही. आठ महिने झाले. पान्याचं पण कळत नाही, म्हणून तर ही तोटी लावली, तुमच्या सोयीसाठी नाही. मी खाली वाकून बघायला हवं होतं. बघितलं नाही."

मॅडम बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, आणि त्याचीच मिस्त्रीला जास्त भीती वाटली. "माझ्या गाडीत दिवसाला नऊ पोरं बसतात, मिस्त्री."

"हो."

"आणखी किती गाड्यांना लावलीय ही?"

वाऱ्यानं चढावरची धूळ उडत होती. मिस्त्रीनं मनात एकेक गाडी आणली. डॉक्टरबाईंची, दूधवाल्याची, शिंप्याच्या जावयाची. "तेवीस," तो म्हणाला. "रंगाऱ्याची मघाशी नीट केली. तुमची आत्ता. एकवीस उरल्या."

"त्यांच्या खाली वाकून बघितलंत?"

"बसवताना बघितलं. नंतर तेल बदललं तेव्हा नाही."

सुनेनं अजून त्याचं मनगट सोडलं नव्हतं. मॅडमनी पुढचा कप्पा उघडून फोन काढला. "सगळ्यात आधी कुणाला लावू?"

ते मिस्त्रीला विचार करून सांगायची गरज नव्हती. मघापासून, गाडीखाली पडल्यापासून, तीच एक गाडी त्याच्या डोळ्यांपुढे उभी होती. त्यानं नंबर सांगितला. मॅडमनी फोन त्याच्या कानाला धरला.

"बोला मिस्त्री," शाळेच्या व्हॅनवाल्याचा आवाज आला. मागे पोरांचा कलकलाट चालला होता. "तुमच्या तोटीचं सगळ्यांना सांगतोय मी. गाडी कशी लोण्यासारखी चाललीय."

"किती मुलं आहेत आत?"

"बारा. का?"

"बाजूला घे आणि इंजिन बंद कर. मुलांना खाली उतरव," मिस्त्री म्हणाला. "मी येतोय. माझा उजवा हात कामातून गेलाय. मी हे तुम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं."

पलीकडे ब्रेक लागल्याचा आवाज आला, आणि दार सरकल्याचा, आणि एकेक मूल खाली उतरताना व्हॅनवाला मोजत होता ते ऐकू यायला लागलं. मिस्त्री बाराव्यापर्यंत ऐकत राहिला. मग त्यानं मॅडमना दुसरा नंबर सांगितला.